मुका मार आणि त्यानंतरची तीन वर्षे

कर्नाटकात बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका गावातून हे पत्र आले आहे. पत्रलेखिका तेहतीस वर्षांच्या असून त्यांना सात वर्षांचा मुलगा आहे. घराच्या सोप्यात शिलाई मशीन टाकून त्या ब्लाउज आणि शाळेचे गणवेश शिवून देतात. तीन वर्षांपूर्वी सौंदत्तीच्या यल्लम्माच्या यात्रेहून परतताना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून उतरत असता त्यांच्या साडीचा काठ अडकला आणि एक पाय आत, एक पाय बाहेर अशा स्थितीत त्या लोखंडी फाळक्याच्या कडेवर दोन्ही मांड्यांच्या मध्ये आदळल्या. रक्त आले नाही. रात्रीपर्यंत मात्र उजव्या बाजूला मोठ्या लिंबाएवढी काळीनिळी सूज आली आणि दोन दिवस लघवी करताना जीव नकोसा झाला. सासूबाईंनी रुईची पाने तव्यावर गरम करून शेकायला दिली. घरात पाहुणे होते आणि सांगायचे कोणाला हा प्रश्न होता, त्यामुळे दवाखान्यात जाणे झाले नाही. तीन आठवड्यांत सूज उतरली.

आता उजवी बाजू डावीपेक्षा थोडी जाड राहिली आहे आणि आत हरभऱ्याएवढी गाठ हाताला लागते. पुढच्या भागात स्पर्श केला तर 'मध्ये कापड ठेवून हात फिरवल्यासारखे' वाटते. तासभर मशीनवर बसले की जळजळ सुरू होते, उठून चालले की ती कमी होते आणि रात्री झोप मात्र लागते. पतीशी संबंध दुखतात म्हणून गेले वर्षभर त्या ते टाळत आहेत. जवळच्या एका डॉक्टरांनी न तपासताच 'मनावर घेऊ नका' असे सांगितले. सासूबाईंना वाटते, त्या वर्षी ओटी भरायची राहिली त्याचे हे आहे. गाठ कर्करोगाची असेल का, दुसरे मूल होईल का, झाले तर सिझरच करावे लागेल का आणि दोन्ही बाजू सारख्या करून देणारे ऑपरेशन करावे का, असे त्या विचारतात. शेवटी त्या लिहितात, "तीन वर्षं झाली, म्हणजे आता हे असंच राहणार हे मला माहीत आहे. बेळगावात कन्नडमध्ये हे सांगायला जमणार नाही, म्हणून कोल्हापूरला जाऊ का, एवढंच सांगा."

ताई,

तुमच्या पत्रातले 'मला माहीत आहे' हे तीन शब्द मी सर्वांत आधी बाजूला काढून ठेवले, कारण ते कोणीही तुम्हाला सांगितलेले नाही. तुम्हाला अजून एकाही डॉक्टरने तपासलेले नाही. न तपासलेल्या दुखण्याची मुदत संपली आहे असे ठरवण्याचा अधिकार तुम्हाला नाही, मला नाही, आणि खुर्चीतून न उठता 'मनावर घेऊ नका' म्हणणाऱ्या त्या डॉक्टरांना तर मुळीच नाही.

आधी त्या दिवशी काय झाले असावे ते सांगते. आपल्याकडे ज्याला मुका मार म्हणतात, त्याचाच हा एक प्रकार आहे. कातडी फाटत नाही, पण आतले मऊ भाग कठीण वस्तू आणि हाड यांच्या मध्ये चेंगरतात. तुमच्या बाबतीत खालून फाळक्याची कड आणि वरून जघनाचे, म्हणजे ओटीपोटाच्या खालचे पुढचे हाड होते, आणि तुमचे सगळे वजन क्षणभर या दोहोंच्या मध्ये सापडलेल्या दोन बोटे रुंदीच्या मांसावर आले. बाहेरच्या मोठ्या भगोष्ठात, म्हणजे योनीच्या बाजूच्या जाड ओठात, चरबी आणि सैल जाळीसारखे ऊतक असते आणि रक्तवाहिन्या भरपूर असतात. एखादी रक्तवाहिनी आत फुटली की रक्ताला अडवणारे फारसे काही नसते, म्हणून थोड्याच तासांत लिंबाएवढी, कधी नारळाएवढीही गाठ धरते. सायकलच्या दांडीवर पडलेल्या, पलंगाच्या कडेवर किंवा स्नानगृहातल्या मोरीच्या कठड्यावर घसरलेल्या आणि कुंपण ओलांडताना पाय सुटलेल्या स्त्रियांमध्ये हेच दिसते. यांतल्या बहुतेक गाठी थंड शेक आणि विश्रांतीने काही आठवड्यांत विरून जातात. तुमचीही बव्हंशी विरली. जे उरले आहे ते तीन वेगळ्या गोष्टींचे मिळून आहे असे मला वाटते. त्यांना एकाच दुखण्याच्या नावाखाली ठेवले तर उपचाराचा गोंधळ होईल, म्हणून एकेक पाहू.

पहिली गोष्ट म्हणजे ती हरभऱ्याएवढी गाठ आणि बाजूचा जाडपणा. साकळलेले रक्त शरीर पूर्णपणे शोषून घेते असे नाही. कधी त्याच्या जागी घट्ट तंतूंचा वण तयार होतो आणि कधी चेंगरलेल्या चरबीचा कडक खडा राहतो. क्वचित कातडीचा सूक्ष्म तुकडा आत दबून त्याची लहान पुटी, म्हणजे बंद पिशवी, बनते. हे सगळे निरुपद्रवी असते. मात्र त्याच जागेजवळ, योनीच्या तोंडाशी ओलावा देणाऱ्या बार्थोलिन ग्रंथीची गाठ होऊ शकते किंवा जांघेतून उतरणारा हर्निया येऊ शकतो. त्यांचा माराशी काही संबंध नसतो, पण बाई 'तो मारच आहे' म्हणून वर्षानुवर्षे बसून राहते. कर्करोगाचे विचाराल तर मारामुळे या जागेचा कर्करोग होत नाही. त्याचा संबंध मुख्यतः एचपीव्ही या विषाणूशी आणि कातडी पांढरी व पातळ करणाऱ्या काही जुनाट खाजऱ्या विकारांशी आहे. तीन वर्षे त्याच आकाराची राहिलेली, हलणारी आणि वरची कातडी चांगली असलेली गाठ पाहून मी घाबरणार नाही. गाठ वाढू लागली, वर न भरणारी जखम झाली, पांढरे चट्टे आले किंवा खाज सुरू होऊन थांबेना, तर छोटा तुकडा काढून तपासायलाच हवा, मग पूर्वी मार लागलेला असो वा नसो. तुमच्यासाठी आत्ता हाताने केलेली तपासणी आणि त्या जागेची साधी सोनोग्राफी पुरेशी ठरावी.

दुसरी गोष्ट बधिरपणाची आणि बसल्यावर होणाऱ्या जळजळीची, आणि इथे मला जरा थांबायचे आहे.

या सगळ्या भागाची संवेदना एका नसेकडे असते, तिला पुडेंडल नर्व्ह म्हणतात. ती पाठीच्या तळाशी, माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीतल्या दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या मज्जातंतूंपासून निघते आणि बैठकीच्या हाडाच्या आतल्या बाजूने एका अरुंद पन्हळीतून पुढे येते. बेंजामिन आल्कॉक या आयरिश शरीरशास्त्रज्ञाने १८३६ साली त्या पन्हळीचे वर्णन केले, म्हणून ती आजही त्याच्या नावाने ओळखली जाते. पुढे या नसेच्या फांद्या होतात. एक गुदद्वाराकडे जाते, एक भगोष्ठांकडे, आणि सर्वांत पुढची शिश्निकेकडे, म्हणजे भगोष्ठांच्या वरच्या टोकाशी असलेल्या संवेदनशील अवयवाकडे (क्लिटोरिस) जाते. ही शेवटची फांदी जघनाच्या हाडाला अगदी चिकटून जाते, म्हणजे फाळका जिथे बसला तिथेच.

शिश्निकेबद्दल एक गोष्ट बहुतेक स्त्रियांना कोणी सांगितलेली नसते. बाहेर दिसतो तो तिचा जेमतेम टोकाचा भाग असतो. तिचे दोन लांब पाय आत जघनाच्या हाडाच्या दोन्ही कमानींना धरून असतात. हेलन ओ'कॉनेल या ऑस्ट्रेलियातल्या मूत्ररोग शल्यविशारदांनी १९९८ साली ही रचना नीट मोजून मांडली, तोपर्यंत वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांतही तिला चार ओळी मिळत. त्यामुळे 'पुढे काही कळत नाही' हे तुमचे वाक्य चोचले नाही, लाजिरवाणे तर नाहीच नाही. हाताच्या बोटाला मार लागून बधिरपणा आला असता तर तुम्ही तो जितक्या सरळपणे सांगितला असता, तितक्याच सरळपणे सांगण्याजोगे हे लक्षण आहे.

चेंगरलेली नस तीन प्रकारे वागते. नुसती दबली असेल तर काही दिवसांत किंवा थोड्या महिन्यांत पूर्ववत होते. आतले तंतू तुटून आवरण शाबूत राहिले असेल तर तंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर या गतीने पुन्हा वाढतात, म्हणजे महिन्याला जेमतेम तीन सेंटीमीटर. आणि वणाच्या ऊतकात ती गुरफटली असेल तर ती धड बरी होत नाही आणि धड गप्पही बसत नाही. बधिरपणा आणि आग या दोन्ही एकमेकींच्या उलट वाटणाऱ्या गोष्टी ती एकाच जागी देते. तुम्हाला नेमके हेच खटकले आहे. "बधिर आहे तर दुखतं कसं, म्हणून लोक खोटं समजतील," असे तुम्ही लिहिता. नसांच्या दुखण्यात हे रोजचेच आहे, मधुमेहाने पाय बधिर झालेली कुठलीही म्हातारी तुम्हाला हेच सांगेल.

खरे सांगायचे तर संवेदना परत येण्याचा मुख्य काळ पहिल्या दीड-दोन वर्षांचा असतो. तीन वर्षांनंतर राहिलेला बधिरपणा पूर्ण जाईल असे आश्वासन मी देणार नाही. पण आग, बसण्याचा त्रास आणि संबंधांतले दुखणे ही वेगळी बाब आहे. ती तीन वर्षांनीच काय, दहा वर्षांनीही कमी करता येते. 'हे असंच राहणार' या तुमच्या वाक्यात तुम्ही दोन्ही गोष्टी एकाच पोत्यात घातल्या आहेत.

याच नसेच्या जुनाट दुखण्याचे निदान करायला फ्रान्समधल्या नांत शहराच्या नावाने ओळखले जाणारे पाच निकष २००८ साली प्रसिद्ध झाले. दुखणे त्या नसेच्या हद्दीत असावे, बसल्यावर वाढावे, रात्री झोपेतून उठवू नये, तपासणीत स्पष्ट बधिरपणा सापडू नये आणि नसेजवळ बधिर करणारे इंजेक्शन दिल्यावर दुखणे थांबावे. तुमच्या पत्रात पहिले तीन निकष न विचारताच आले आहेत. चौथा मात्र जुळत नाही, कारण तुम्हाला बधिरपणा आहे, आणि मला महत्त्वाचे वाटते ते हेच. कदाचित तुमची नस वरच्या पन्हळीत अडकलेली नसून पुढच्या फांदीला थेट मार बसला असावा. क्वचित असेही होते की मूळ कंबरेच्या मणक्यात असते आणि मार निमित्ताला सापडतो. उपचार यावर ठरतो, आणि हा फरक पत्रातून कळत नाही, कापसाच्या बोळ्याने दोन्ही बाजूंना हलका स्पर्श करून पाहिल्यावर कळतो. एक घरगुती खूण तेवढी सांगते. कोणाकडे कमोड असेल तर त्याच्या कड्यावर दहा मिनिटे बसून पाहा. साध्या स्टुलापेक्षा तिथे त्रास स्पष्टपणे कमी वाटला तर मधल्या भागावरचा दाब हेच कारण आहे असे धरायला हरकत नाही, आणि ही गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगावी.

तिसरी गोष्ट स्नायूंची. मार लागलेला पाय आपण जसा आखडून धरतो, तसे ओटीपोटाच्या तळाचे स्नायूही आखडतात. फरक एवढाच की पाय आखडलेला दिसतो आणि हे दिसत नाहीत. दुखेल या भीतीने स्नायू घट्ट होतात, घट्ट झाले म्हणून संबंध दुखतात, दुखले म्हणून पुढच्या वेळी भीती वाढते. मूळचा मार विरून गेल्यावरही हे चक्र आपल्या जोरावर चालू राहते. संबंध दुखण्याचा बराच वाटा इथला असावा असा माझा अंदाज आहे. गावाकडे आणि मोबाइलवर अशा वेळी 'खालचे स्नायू आवळण्याचे व्यायाम करा' असा सल्ला सर्रास मिळतो. बाळंतपणानंतर स्नायू सैल झालेल्यांना तो बरोबर आहे, तुम्हाला तो उलटा पडेल. तुम्हाला शिकायचे आहे ते सोडणे. पाठीवर पडून गुडघे वाकवावेत, एक हात पोटावर ठेवावा, श्वास घेताना पोट वर येऊ द्यावे आणि त्याच वेळी खालचा भाग लघवी सुरू होताना सुटतो तसा सुटू द्यावा. दिवसातून दोनदा पाच-सात मिनिटे पुरेत. पुढचे काम या स्नायूंवर काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टचे आहे. बेळगावात वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत आणि फिजिओथेरपीचे शिक्षण देणारी संस्थाही आहे. तिथे स्त्रियांच्या ओटीपोटाच्या तळावर काम करणाऱ्या कोण आहेत, असे थेट विचारावे.

म्हणजेच कोल्हापूरच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे की आधी बेळगाव. कोल्हापूर, मिरज किंवा गोवा हे पुढच्या मताला आहेतच. पण हा आजार एका खेपेत संपणारा नाही. चार-सहा महिने, पंधरा दिवसांनी एकदा असे जावे लागेल, आणि जे घरापासून तासाभरावर आहे तेच निभते. कर्नाटक राज्याच्या साध्या बसमध्ये २०२३च्या जूनपासून शक्ती योजनेमुळे बायकांना तिकीट पडत नाही, त्यामुळे प्रत्येक खेपेला घरात पैसे मागून कारण सांगण्याचा प्रसंगही टळतो. (मोफत प्रवासाचा हा उपयोग योजना करणाऱ्यांच्या डोक्यात होता की नाही कोण जाणे, पण माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी बायका तो करतात.)

आता भाषेचे. बेळगावच्या दवाखान्यांत मराठी समजणारे कोणी ना कोणी भेटतेच, पण तुमची अडचण कन्नडची आहे असे मला पत्र दोनदा वाचूनही वाटले नाही. मराठीत तरी तुम्ही हे कोणत्या शब्दांत सांगणार होतात? तुमच्या चार पानी पत्रात 'ती जागा' अकरा वेळा आली आहे, आणि एकदाही त्या जागेचे नाव नाही. दोष तुमचा नाही, आपल्याला घरात शिव्यांमधले शब्द मिळतात किंवा पोथीतले, वापरायचे मिळतच नाहीत. म्हणून एका कागदावर साधी आकृती काढा, जिथे बधिर वाटते तिथे फुली मारा, जिथे आग होते तिथे गोल करा, गाठ आहे तिथे टिंब द्या. खाली पाच ओळी लिहा. मार कधी आणि कशावर लागला, तेव्हा लघवी अडली होती का, आता किती मिनिटे बसल्यावर त्रास सुरू होतो, कशाने थांबतो, आणि संबंधांच्या वेळी सुरुवातीलाच दुखते की आत. हा कागद पुढे केला की निम्मे बोलणे होऊन जाते. समोर फक्त कन्नड बोलणारी परिचारिका आली तरी तुम्हाला तीनच शब्द लागतील. दुखण्याला 'नोवु', आग होण्याला 'उरी' आणि मुंग्या येऊन बधिर होण्याला 'जोमु'. खानापूरच्या बाजारात यापेक्षा जास्त कन्नड तुम्ही रोज बोलत असाल.

तपासणीच्या वेळी स्त्री डॉक्टर मागता येते. पुरुष डॉक्टर असतील तर परिचारिका खोलीत असायलाच हवी. हात लावण्याआधी काय करणार ते सांगा, आणि मी थांबा म्हटले की थांबा, असे म्हणण्यात उद्धटपणा नाही. सैल परकर घालून जा, म्हणजे सगळे कपडे उतरवावे लागत नाहीत. ही गोष्ट क्षुल्लक वाटते, पण अर्ध्या बायका याच धास्तीने टेबलावर चढत नाहीत.

औषधांबद्दल थोडे. नसेच्या आगीवर डायक्लोफेनॅकसारख्या नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांचा फारसा उपयोग होत नाही, उलट महिनोन्‌महिने घेतल्या तर पोट आणि मूत्रपिंड बिघडते. डॉक्टर अमिट्रिप्टिलिन, गॅबापेंटिन किंवा प्रीगॅबालिन यांपैकी एखादे औषध लहान मात्रेत सुरू करतील. यांतले पहिले मुळात नैराश्याचे औषध आहे, त्यामुळे पाकिटावरचे वाचून 'मलाही वेडीच ठरवले' असे वाटून घेऊ नका. लहान मात्रेत ते नसेचा भडका शांत करते, आणि फरक पडायला काही आठवडे लागतात. दुसऱ्या मुलाचा विचार असेल तर तो औषध लिहिण्यापूर्वीच डॉक्टरांच्या कानावर घालावा, कारण निवड त्यावर अवलंबून असते. लावण्याचे बधिर करणारे मलम, नसेजवळचे इंजेक्शन आणि अगदी शेवटी नस मोकळी करण्याची शस्त्रक्रिया, असे पुढचे टप्पे आहेत. बहुतेक जणींना शेवटच्या टप्प्यापर्यंत जावे लागत नाही.

तोपर्यंत एक काम तुम्ही स्वतः, आजच्या आज करू शकता, आणि ते मी सांगण्यापेक्षा तुम्हीच चांगले कराल. मशीनपुढचे तुमचे लाकडी स्टूल बदला. सरळ बसले की वजन दोन बैठकीच्या हाडांवर पडते. पुढे झुकून, स्टुलाच्या पुढच्या कडेवर टेकून सुई पाहत बसले की तेच वजन पुढे सरकून नेमके दुखऱ्या जागी येते. हा दाब किती खरा असतो ते सायकलपटूंवरून कळले आहे. शर्यतीच्या सायकलींवर वर्षानुवर्षे बसणाऱ्या काही स्त्रियांमध्ये एकाच बाजूचा भगोष्ठ कायमचा सुजलेला राहतो, असे २००२ साली बेल्जियममधल्या डॉक्टरांनी नोंदवले. अमेरिकेत २००६ साली ४८ सायकलपटू आणि २२ धावपटू स्त्रियांची तुलना झाली, तेव्हा सायकल चालवणाऱ्यांची त्या भागातली संवेदना कमी आढळली. हँडल बैठकीपेक्षा जितके खाली, तितकी बाई पुढे झुकते आणि दाब वाढतो, हेही नंतर दिसून आले. तुमचे हँडल म्हणजे मशीनचा पत्रा. म्हणून चांगल्या घट्ट फोमच्या दोन पट्ट्या घ्या, त्या पुढून मागे अशा शेजारी शेजारी ठेवून मध्ये तीन बोटांची फट सोडा आणि वरून कापडाची खोळ शिवा, मात्र फटीवर कापड ताणून बसवू नका. रबरी गोल कडे आणू नका, त्यात मधला भाग खाली ओघळून ताण बसतो. स्टूल चार बोटे उंच करा म्हणजे झुकावे लागणार नाही, आणि दर अर्ध्या तासाला उठून काज करण्यासारखे एखादे हाताचे काम उभ्याने करा. निपाणीकडे विड्या वळणाऱ्या, बेळगावच्या वडगाव-शहापुरात मागावर बसणाऱ्या आणि दिवसभर शेवया-पापड लाटणाऱ्या ज्या बायका हे वाचत असतील त्यांनाही ही उशी उपयोगी पडेल, मार लागलेला नसला तरी.

त्या जागी डेटॉल, तुरटीचे पाणी किंवा सुगंधी साबण लावणे बंद करा. साधे पाणी पुरे.

दोन्ही बाजू सारख्या करण्याच्या ऑपरेशनला माझा स्पष्ट विरोध आहे, निदान आज तरी. पहिले कारण असे की दोन्ही भगोष्ठ सारखे असतात हे गृहीतच चुकीचे आहे. मार न लागलेल्या बहुसंख्य स्त्रियांतही ते लहानमोठे असतात, आपण दुसरीचे पाहत नाही एवढेच. दुसरे असे की आधीच चिडलेल्या नसेच्या प्रदेशात दिसण्यासाठी कापाकापी केली तर नवा वण आणि नवे दुखणे मिळण्याचा धोका आहे. गाठ कपड्याला घासून टोचत असेल किंवा वाढत असेल तर ती काढणे वेगळे.

दुसऱ्या मुलाचे उत्तर सोपे आहे. हा मार बाहेरचा आहे. गर्भाशय आणि बीजकोश हाडांच्या आत, पुष्कळ वर आहेत, त्यामुळे मूल होण्याच्या क्षमतेवर त्याचा परिणाम होत नाही. केवळ या जुन्या मारासाठी सिझर करण्याचे कारण मला दिसत नाही, विशेषतः तुमचे पहिले बाळंतपण नैसर्गिक झालेले असताना. मात्र बाळंतपणातही हीच नस ताणली जाते, म्हणून प्रसूती करणाऱ्या डॉक्टरांना हा इतिहास आधी सांगून ठेवावा आणि निर्णय त्यांच्याशी बोलून घ्यावा.

पतीबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिली आहे. 'ते काही बोलत नाहीत, म्हणजे रागावले असणार.' शक्य आहे. पण वर्षभर तुम्ही पाठ फिरवून झोपता आणि कारण सांगत नाही, तेव्हा तोही माणूस आपल्या परीने काहीतरी अर्थ लावत असेल, आणि तो अर्थ 'हिला मी नकोसा झालो' हा असण्याची शक्यता मला जास्त वाटते. त्यांना सगळे शरीरशास्त्र सांगायला नको. 'त्या पडण्यापासून मला तिथे आग होते, डॉक्टरांकडे जायचे आहे, बरोबर चला,' एवढे दिवसाउजेडी, जेवताना नव्हे पण गोठ्यात किंवा शेताच्या वाटेवर, जिथे सासूबाई नसतील तिथे सांगा. उपचार सुरू होईपर्यंत आत जाणारा संबंध पूर्ण थांबवा, पण जवळ येणे थांबवू नका. पुढे सुरू कराल तेव्हा पाण्याचा आधार असलेले वंगण (लुब्रिकंट) वापरा. खोबरेल तेल चालते, पण निरोध वापरत असाल तर नाही, त्याने रबर विरते. आणि दुखत असताना दात आवळून सहन करणे सर्वांत वाईट, कारण स्नायू तेच शिकतात.

असाच मार आज, उद्या कोणाला लागला तर शेक द्यायचा तो थंड, गरम नव्हे. फडक्यात बर्फ गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे, मधे विसावा देऊन, पहिले एक-दोन दिवस. गरम रुईच्या पानाने फुटलेल्या वाहिन्या अधिक वाहतात, तुमची सूज त्यामुळेही वाढली असेल. सासूबाईंनी मायेनेच केले, म्हणून त्यांना ते आता सांगू नका. लघवी होईना, सूज डोळ्यांदेखत वाढते आहे, लघवीत रक्त आहे, कातडी फाटली आहे किंवा ताप आला आहे, यांपैकी काहीही असेल तर रात्रीच दवाखाना गाठावा. दोन्ही मांड्यांच्या आतला सगळा भाग बधिर होऊन पायांत बळ राहिले नाही किंवा लघवी-शौचाचे भान गेले, तर तो मणक्याचा तातडीचा प्रसंग असतो.

लग्न न झालेल्या मुलींना कुटुंबे दवाखान्यात नेत नाहीत, 'कौमार्याचा' बोभाटा होईल म्हणून. अशा पडण्यात मार लागतो तो बहुधा बाहेरच्या भागाला, आतल्या पडद्यापर्यंत तो क्वचितच पोहोचतो. आणि त्या पडद्यावरून कोणाबद्दल काही सांगता येते हीच समजूत खोटी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली कौमार्य तपासणीला कोणताही शास्त्रीय आधार नसल्याचे सांगितले, आणि बलात्काराच्या प्रकरणांतली दोन बोटांची चाचणी करणाऱ्याला गैरवर्तनाचा दोषी धरले जाईल, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली बजावले. ज्या बाईला हा मार पडून नव्हे तर लाथेने लागला असेल, तिने डॉक्टरांना 'पडले' असे सांगू नये. खरे लिहून घेतले तरच तो कागद पुढे कामाला येतो, आणि १८१ हा महिलांसाठीचा मदतीचा फोन क्रमांक कर्नाटक आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांत चालतो.

राहता राहिली ओटी. देवीचा कोप नसेच्या नकाशाप्रमाणे, नेमका एका फांदीपुरता, बसल्यावर वाढणारा आणि झोपल्यावर थांबणारा असतो असे मला वाटत नाही, पण सासूबाईंशी यावर वाद घालून तुमची आग कमी होणार नाही. आधी बेळगावची तारीख घ्या. मग माघी पौर्णिमेला त्यांना घेऊन सौंदत्तीला जा, ओटी भरा, बसने जा, खिडकीची जागा धरा आणि ती फोमची उशी पिशवीत घालायला विसरू नका.